प्रभाग रचनेवर टिकणारी हरकत कशी घ्यावी : नाशिकच्या आकड्यांसह

महापालिका निवडणुकीसाठी शहराची प्रारूप, म्हणजे कच्ची, प्रभाग रचना प्रसिद्ध झाली की पहिले दोन दिवस नकाशे व्हॉट्सअॅपवर फिरण्यात जातात. पुढचे चार दिवस ‘आमची कॉलनी तिकडे कशी गेली’ या चर्चेत जातात. शेवटच्या संध्याकाळी मग गठ्ठ्याने अर्ज दाखल होतात आणि त्यातल्या बहुतेकांत एकच वाक्य असते : ‘आमच्या परिसराचे विभाजन झाले असून ते रद्द करावे.’ असा अर्ज फेटाळला जातो. त्यामागे दरवेळी राजकारण असतेच असे नाही. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते. जनगणनेचा एखादा प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेला लहान भाग, या प्रभागातून काढून त्या प्रभागात टाकावा, अशी शिफारस तो करू शकतो, तीही दोन्ही प्रभागांची लोकसंख्या ठरलेल्या मर्यादेत राहत असेल तरच. तुमच्या अर्जात गट क्रमांक नाहीत, आकडे नाहीत, गट कुठे टाकायचा तेही नाही, तर त्याला मान्य करण्यासारखे काही उरत नाही.

ही संधी पुन्हा येत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे. संविधानाच्या अनुच्छेद २४३ झेडजीप्रमाणे मतदारसंघांच्या सीमांकनाविषयीच्या कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही. अंतिम रचना लागल्यावर कोर्टाची वाट फार अरुंद होते. सामान्य रहिवाशाला आपले म्हणणे मांडायची खरी जागा म्हणजे हरकतीची मुदत आणि ती सुनावणी.

आधी जागांचे गणित

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५ मध्ये लोकसंख्येनुसार सदस्यसंख्या ठरवून दिली आहे. १२ लाखांहून जास्त आणि २४ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या शहराला किमान ११५ सदस्य मिळतात आणि १२ लाखांच्या वर प्रत्येक ४०,००० लोकसंख्येमागे एक सदस्य वाढतो. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक महापालिका हद्दीची लोकसंख्या १४,८६,०५३ आहे. १२ लाख वजा केले की २,८६,०५३ उरतात. त्याला ४०,००० ने भागले की पूर्ण ७ येतात. ११५ अधिक ७ म्हणजे १२२. नाशिकचे १२२ नगरसेवक आले ते इथून.

आता १४,८६,०५३ ला १२२ ने भागा. एका जागेमागे सरासरी १२,१८१ लोकसंख्या येते. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ४८,७२३ आणि तीन सदस्यांच्या प्रभागाची ३६,५४२. या सरासरीच्या १० टक्के वर किंवा १० टक्के खाली जाण्याची मुभा असते. म्हणून चार सदस्यांचा प्रभाग ४३,८५१ ते ५३,५९५ या पट्ट्यात बसायला हवा आणि तीन सदस्यांचा ३२,८८९ ते ४०,१९६ या पट्ट्यात. हे चार आकडे कागदावर लिहून समोर ठेवा. पुढचे सगळे काम त्यांच्याभोवतीच फिरते. एखादा प्रभाग या पट्ट्याबाहेर गेला असेल तर त्याचे कारण प्रस्तावात लिहिलेले असायला हवे. कारण दिलेले नसेल तर तुमच्या हरकतीला तो भक्कम मुद्दा मिळाला.

प्रभागात सदस्य किती, हेही कायद्यातच आहे : शक्यतो चार, पण तीनपेक्षा कमी नाही आणि पाचपेक्षा जास्त नाही. नाशिकमध्ये २९ प्रभाग चारचे आणि २ प्रभाग तीनचे, असे मिळून ३१ प्रभागांत १२२ जागा बसतात. २०१२ मध्ये दोन सदस्यांचे ६१ प्रभाग होते. २०२२ मध्ये सदस्यसंख्या १३३ धरून ४४ प्रभागांची रचना झाली होती, पण तिच्यावर निवडणूक झालीच नाही. जुनी कागदपत्रे वापरताना इथे जपून राहा. २०२२ च्या नकाशावरचे प्रभाग क्रमांक आणि ३१ प्रभागांच्या रचनेतले क्रमांक यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. त्या वेळचा नकाशा चुकून जोडला तर हरकत तिथेच बाद होते.

प्रगणक गट : सगळ्याची वीट

जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला मोजायला दिलेला भाग म्हणजे प्रगणक गट. शहरात तो साधारण सहा-सातशे लोकवस्तीचा असतो, त्यामुळे चार सदस्यांच्या प्रभागात सत्तर-ऐंशी गट येतात. प्रभाग रचना या विटा न फोडता करायची असते. म्हणजे तुमची मागणी ‘आमची गल्ली’ किंवा ‘आमची सोसायटी’ एवढी लहान असेल तर ती बहुधा मान्य होणार नाही, कारण ती गल्ली ज्या गटात आहे तो गट अख्खाच हलवावा लागतो. आधी तुमचा गट क्रमांक शोधा, त्याची हद्द पाहा, आणि मागणी गटाच्या हद्दीला जुळवून घ्या.

प्रारूपासोबत प्रभागनिहाय एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातींची आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या, चारही दिशांच्या हद्दींचे वर्णन आणि व्याप्ती, म्हणजे आतल्या वस्त्यांची यादी, असते. गटनिहाय तक्ता मात्र दरवेळी सहज हाती लागत नाही. तो आधी मागून ठेवावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज केला तर उत्तराची मुदत ३० दिवस, आणि हरकतींची मुदत त्याहून कितीतरी कमी. प्रारूप आल्यावर अर्ज करणाऱ्याला माहिती मिळते ती अंतिम रचना लागल्यावर. म्हणून रचनेचे आदेश निघाले आहेत असे कळताच, किंवा त्याही आधी, अर्ज टाका. जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर. मागणी अशी नेमकी लिहा : ‘विद्यमान प्रभाग क्रमांक अमुक मधील जनगणना २०११ च्या प्रगणक गटांचे क्रमांक, प्रत्येक गटाची एकूण, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती लोकसंख्या आणि गटांच्या हद्दी दर्शवणारे नकाशे यांच्या प्रती.’ शेजारच्या प्रभागांचीही माहिती हवी असेल तर त्यांचे क्रमांक त्याच वाक्यात घाला. गट हलला की शेजाऱ्याची बेरीजही बदलते, त्यामुळे ती लागणारच.

मुदत सुरू झाली आणि तक्ता हाती नसेल, तर विभागीय कार्यालयात जाऊन नकाशा पाहण्याची लेखी विनंती करा आणि तिची पोच घ्या. तक्ता मिळाला नाही तर ती पोच हरकतीला जोडा. आकडे का देता आले नाहीत, याचा तो पुरावा असतो.

हद्द पायी फिरून पाहा

हे काम टाळले जाते आणि खऱ्या चुका इथेच सापडतात. नकाशा एक सांगतो, हद्दीचे वर्णन दुसरे सांगते आणि व्याप्तीच्या यादीत तिसरेच असते. दोन जणांनी वर्णनाची छापील प्रत हातात घेऊन प्रभागाला पूर्ण प्रदक्षिणा घालावी. चार सदस्यांच्या प्रभागाला एक सकाळ पुरते. पाथर्डी, आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद अशा बाहेरच्या अंगाच्या प्रभागांना दुचाकी घेऊन जा. प्रत्येक वळणावर तीन प्रश्न विचारा : वर्णनातली खूण प्रत्यक्ष आहे का? हद्द रस्त्याच्या मध्यातून जाते की एका कडेने? आणि समोरचे घर नेमके कुठल्या बाजूला पडते?

नाशिकमध्ये नावांचा घोळ बऱ्याच ठिकाणी होतो. वर्णनात नुसते ‘आग्रा रोड’ लिहिले असेल तर तो सीबीएसकडचा (मध्यवर्ती बसस्थानकाकडचा) जुना आग्रा रोड की उड्डाणपुलाचा महामार्ग, हे विचारावेच लागते. नासर्डी आणि नंदिनी ही एकाच नदीची नावे आहेत. एका परिच्छेदात एक आणि दुसऱ्यात दुसरे आले की वाचणाऱ्याला दोन वेगळे प्रवाह वाटतात. देवळालीगाव महापालिकेत आहे, देवळाली कॅम्प छावणी मंडळात आहे आणि भगूरला स्वतंत्र नगरपरिषद आहे. त्या बाजूच्या वर्णनात नुसते ‘देवळाली’ असेल तर नेमके नाव घालण्याची सूचना द्या. दत्त मंदिर, शिवाजी चौक, गणेश चौक ही नावे शहरात एकापेक्षा जास्त ठिकाणी आहेत. अशा खुणेच्या जागी सर्वे क्रमांक, पुलाचे नाव किंवा विकास आराखड्यातल्या रस्त्याची रुंदी लिहायला सुचवा. अशा दुरुस्त्या सहसा मान्य होतात, कारण त्यात लोकसंख्या हलत नाही. त्या क्षुल्लकही नसतात. मतदार यादी फोडताना कर्मचारी याच वर्णनावरून घर इकडचे की तिकडचे हे ठरवतो. वर्णन संदिग्ध राहिले तर पुढे अख्खी इमारत चुकीच्या प्रभागाच्या यादीत जाते.

फिरताना नैसर्गिक हद्दींकडे विशेष लक्ष द्या. नदी, नाला, टेकडी, रेल्वेमार्ग, महामार्ग, उड्डाणपूल, मोठे रस्ते यांना धरून प्रभागाची हद्द आखावी, असा नियम आहे. नाशिकला अशा रेघा निसर्गाने भरपूर दिल्या आहेत : मधून गोदावरी, पंचवटीच्या अंगाला वाघाडी, दक्षिणेला नासर्डी, त्याहीपलीकडे वालदेवी, आणि नाशिकरोडला रेल्वेमार्ग. एखादा प्रभाग नदी ओलांडून पलीकडचे चार-पाच गट घेऊन बसला असेल, तर तो तुकडा का घेतला हे विचारता येते. पण विचारण्याआधी बेरीज करा. तो तुकडा काढल्यावर प्रभाग किमान लोकसंख्येच्या खाली जात असेल, तर आखणाऱ्याने तो नाइलाजाने घेतलेला असतो, आणि बदली गट सुचवल्याशिवाय तुमचा मुद्दा पुढे सरकत नाही.

आणखी तीन नियम हरकतीत कामाला येतात. प्रभाग भौगोलिकदृष्ट्या सलग असला पाहिजे. एखादी इमारत, चाळ किंवा घर दोन प्रभागांत विभागले जाऊ नये. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत. तिसऱ्या नियमाचे वजन मोठे आहे. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने प्रभागांना मिळतात. १२२ पैकी १८ जागा अनुसूचित जातींच्या आणि ९ अनुसूचित जमातींच्या, आणि एकूण जागांपैकी निम्म्या, म्हणजे ६१, महिलांच्या. मोठी वस्ती दोन प्रभागांत अर्धी-अर्धी वाटली गेली की दोन्हीकडची टक्केवारी घसरते आणि आरक्षित जागा तिसऱ्याच प्रभागात जाऊ शकते. तुमच्या भागात असे झाले असेल तर दोन्ही प्रभागांची आताची टक्केवारी आणि वस्ती एकत्र ठेवल्यावरची टक्केवारी शेजारी शेजारी लिहा. ‘अन्याय झाला’ या दोन शब्दांपेक्षा ते चार आकडे अधिकाऱ्याला जास्त बांधून ठेवतात.

क्रमांकाबद्दल थोडक्यात : प्रभागांना क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात, ईशान्येकडे आणि पूर्वेकडे जात, मग पूर्व-पश्चिम असे नागमोडी सरकत दक्षिणेला संपतात. म्हणून १ क्रमांक म्हसरूळच्या बाजूला आणि ३१ पाथर्डीच्या बाजूला येतो. ‘आमचा जुना क्रमांक परत द्या’ ही हरकत चालत नाही.

देवाणघेवाणीचे गणित

एक उदाहरण घेऊ. प्रभाग ‘क’ आणि ‘ख’, दोन्ही चार सदस्यांचे, आकडे केवळ समजण्यापुरते. ‘क’ ची लोकसंख्या ४५,२०० आणि ‘ख’ ची ५१,८००. नाल्याच्या पलीकडचे तीन गट ‘क’ मध्ये आले आहेत, त्यांची लोकसंख्या मिळून २,१३०. रहिवाशांना ते ‘ख’ मध्ये हवेत, कारण त्यांचा रस्ता, शाळा, दवाखाना सगळे तिकडे आहे.

नुसते तीन गट काढले तर ‘क’ उरतो ४३,०७०. किमान ४३,८५१ हवेत. मागणी कितीही रास्त असली तरी इथेच संपली. आता ‘ख’ च्या कडेला, नाल्याच्या अलीकडे असलेले दोन गट बघा, लोकसंख्या १,३९०. ते ‘क’ ला दिले तर ‘क’ होतो ४४,४६० आणि ‘ख’ होतो ५२,५४०. दोन्ही पट्ट्यात बसतात आणि हद्दही नाल्यावर सरळ होते. टिकते ती अशी हरकत.

गट निवडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, बदलीत दिलेला गट नव्या प्रभागाला प्रत्यक्ष लागून आहे ना? मध्ये दुसरा गट असेल तर सलगता तुटते. दुसरी, या अदलाबदलीने अनुसूचित जाती-जमातींची टक्केवारी किती हलते? ती ठळकपणे बदलत असेल तर दुसऱ्या बाजूने विरोधी हरकत येणार हे गृहीत धरा आणि तुमचे उत्तर तयार ठेवा. शक्यतो अदलाबदल दोनच प्रभागांत मिटवा. तिसरा प्रभाग आला की पडताळणी तिप्पट होते आणि वेळेअभावी प्रस्ताव बाजूला पडतो.

लोकसंख्या नेहमी २०११ ची वापरा. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगावकडे गेल्या काही वर्षांत केवढी वस्ती वाढली हे सगळ्यांना दिसते, पण कायद्याच्या दृष्टीने लोकसंख्या म्हणजे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा आकडा. ‘आमच्याकडे आता साठ हजार मतदार आहेत’ हे वाक्य अर्जात आले की तो वरवर चाळला जाण्याची भीती असते. ते लिहूच नका.

अर्ज कसा लिहावा

एक अर्ज, एक मागणी. पाच मुद्दे असतील तर पाच अर्ज करा. एकाच अर्जात पाच मागण्या घातल्या आणि त्यातली एक नियमबाह्य असली, तर सगळा अर्ज ‘अमान्य’ या एका शेऱ्यात जाऊ शकतो. मजकूर एका पानात बसवा. साचा असा :

‘प्रति, मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका. विषय : प्रारूप प्रभाग रचनेतील प्रभाग क्रमांक “क” व “ख” यांच्या सामाईक हद्दीबाबत हरकत व सूचना.

प्रारूपात प्रगणक गट क्रमांक अमुक, अमुक व अमुक (एकूण लोकसंख्या २,१३०) यांचा समावेश प्रभाग “क” मध्ये केला आहे. हे गट नाल्याच्या पश्चिमेस असून प्रभाग “क” चा उर्वरित भाग नाल्याच्या पूर्वेस आहे. नैसर्गिक हद्द पाळण्याच्या तत्त्वाशी ही रचना विसंगत आहे.

सूचना : वरील तीन गट प्रभाग “ख” मध्ये घ्यावेत व प्रभाग “ख” मधील गट क्रमांक अमुक व अमुक (एकूण लोकसंख्या १,३९०) प्रभाग “क” मध्ये घ्यावेत. या बदलानंतर प्रभाग “क” ची लोकसंख्या ४४,४६० व “ख” ची ५२,५४० होते. दोन्ही विहित मर्यादेत आहेत. गटांचा तक्ता व सुधारित हद्दीचा नकाशा सोबत जोडला आहे. सुनावणीस उपस्थित राहून म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.’

खाली नाव, पत्ता, मोबाइल, मतदार यादीतला क्रमांक आणि सही. शेवटचे वाक्य विसरू नका. सुनावणीची सूचना दिलेल्या पत्त्यावर किंवा मोबाइलवर येते, त्यामुळे तो अचूक आणि वाचता येईल असा लिहा.

सोबत दोनच कागद जोडा : गटांचा छोटा तक्ता आणि नकाशा. नकाशासाठी गुगल अर्थवर आताची हद्द लाल आणि सुचवलेली हद्द निळी रेघ मारून छापा, हलणाऱ्या गटांवर क्रमांक लिहा. हाताने काढलेला नकाशाही चालतो, फक्त उत्तर दिशा दाखवा आणि नाला, पूल, रस्ता यांची नावे घाला. वर्तमानपत्रांची कात्रणे, निवेदने, दोनशे सह्यांची पाने जोडून फार काही साधत नाही. दोनशे सह्यांपेक्षा ‘ख’ प्रभागातल्या दहा रहिवाशांचे ‘हे गट आमच्याकडे आले तर आमची हरकत नाही’ असे स्वतंत्र पत्र कितीतरी उपयोगी पडते. घेणारी बाजू राजी आहे हे दिसले की शिफारस करणे सोपे जाते.

छापील नमुन्यावर नावे बदलून शंभर अर्ज देण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्यांना क्रमांक शंभर मिळतात, पण सुनावणीला ते एकत्र घेतले जातात आणि निर्णयही एकच होतो. त्यात घालवलेला वेळ गटांचा तक्ता तयार करण्यात घाला.

दाखल करणे आणि सुनावणी

हरकत शरणपूर रोडवरच्या मुख्यालयात, म्हणजे राजीव गांधी भवनात, किंवा सूचनेत ज्या विभागीय कार्यालयांची नावे दिली असतील तिथे द्यायची. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे सिडको, आणि सातपूर अशी सहा विभागीय कार्यालये आहेत. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी रांग असते, आणि अर्जात चूक सापडली तर दुरुस्त करून पुन्हा यायला वेळ उरत नाही.

सुनावणीत बोलायला काही मिनिटेच मिळतात. पहिल्या वाक्यात मागणी सांगा, दुसऱ्यात आकडे, तिसऱ्यात नियम. नकाशाची मोठी प्रत टेबलावर ठेवा आणि बोट ठेवून दाखवा. अमुक नेत्यासाठी हे केले, तमुकाला पाडायला केले, असे आरोप सुरू झाले की सुनावणी तिथेच भरकटते, कारण त्यावर निर्णय देणे त्या अधिकाऱ्याच्या कक्षेत येत नाही. गटाने गेलात तर बोलणारा एकच ठरवा आणि इतरांचे अधिकारपत्र त्याच्याजवळ ठेवा. निघताना बोललेल्या मुद्द्यांचे एक पानी लेखी टिपण देऊन त्याचीही पोच घ्या. सुनावणीला गेलाच नाहीत तर निर्णय नुसत्या कागदावरून होतो.

एक गोष्ट जवळपास कुणी करत नाही आणि ती करायलाच हवी. प्रारूपात तुमचा प्रभाग व्यवस्थित आला असेल तरी गप्प बसू नका. ‘प्रभाग क्रमांक अमुकची हद्द प्रारूपाप्रमाणे कायम ठेवावी’ अशी सूचना मुदतीत दाखल करा, कारणांसह. दुसऱ्या कुणाच्या हरकतीवर तुमच्या प्रभागाचे गट हलू शकतात, आणि तसे झाले तर तुम्हाला कळते ते अंतिम रचना लागल्यावर. सूचना दाखल असली की तुमची बाजूही त्याच सुनावणीत ऐकली जाते.

सुनावणीनंतर शिफारशींसह प्रस्ताव नगरविकास विभागाकडून राज्य निवडणूक आयोगाकडे जातो आणि आयोगाच्या मान्यतेने अंतिम रचना प्रसिद्ध होते. त्यापुढचे टप्पे वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. आरक्षणाची सोडत वेगळी आणि तिच्या हरकती वेगळ्या. ‘माझे नाव दुसऱ्याच प्रभागाच्या यादीत आहे’ ही तक्रार मतदार यादीच्या टप्प्यावर करायची असते. प्रभाग रचनेच्या हरकतीत ती लिहिली तर वाया जाते. ‘चारऐवजी एकाच सदस्याचा प्रभाग करा’, ‘सदस्यसंख्या वाढवा’ या मागण्या कायदा बदलण्याच्या आहेत. त्या आमदारांकडे न्या.

गावाकडे असाल तर

जिल्हा परिषदेचा मतदारसंघ म्हणजे गट आणि पंचायत समितीचा म्हणजे गण. या गट-गण रचनेत तत्त्वे बरीचशी तीच आहेत, कार्यालये वेगळी. प्रारूप जिल्हाधिकारी प्रसिद्ध करतात, हरकती त्यांच्याकडे द्यायच्या आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके, ७४ गट आणि १४८ गण आहेत. एका गटात बरोबर दोन गण. २०२५ मध्ये हरकतींना जेमतेम आठवडा मिळाला होता, म्हणून इथे आधीची तयारी शहरापेक्षाही महत्त्वाची. इथली वीट प्रगणक गटाऐवजी गाव असते, आणि एक ग्रामपंचायत दोन गणांत फुटू नये हा मुद्दा सर्वांत मजबूत. गावांची अदलाबदल सुचवताना अंतर नकाशावरचे सरळ रेषेतले सांगू नका, रस्त्याचे सांगा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरसारख्या डोंगराळ तालुक्यांत शेजारी दिसणारी दोन गावे घाटाने किंवा नदीने तोडलेली असतात, आणि नेमके हेच नकाशावरून लक्षात येत नाही.

तालुक्यात नवी नगरपंचायत किंवा नगरपरिषद झाली असेल तर तिची लोकसंख्या ग्रामीण आकड्यातून वजा करा. निफाड तालुक्यात ओझरला नगरपरिषद झाल्यावर तिथली लोकसंख्या जिल्हा परिषदेच्या हिशेबातून गेली आणि आजूबाजूच्या गावांना नव्या गटांत बसवावे लागले. जुना तालुक्याचा आकडा धरून केलेली हरकत अशा ठिकाणी पहिल्याच ओळीत चुकते.

पुढच्या वेळेसाठी आता काय जपून ठेवायचे

जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूक २०११ च्या आकड्यांवर झाली. २०२७ च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की सगळे गणित नव्याने मांडावे लागेल. उदाहरणार्थ, कलम ५ तसेच राहिले आणि शहराची लोकसंख्या २० लाख मोजली गेली, तर ११५ अधिक २०, म्हणजे १३५ जागा होतील आणि प्रभागांची संख्याही बदलेल. प्रगणक गटही नवे असतील, जुन्या गट क्रमांकांची यादी तेव्हा थेट उपयोगी पडणार नाही. पण आताच्या अंतिम रचनेचे नकाशे, हद्दींची वर्णने आणि गटनिहाय तक्ते यांची एक प्रत सोसायटीच्या किंवा मंडळाच्या दप्तरात ठेवा. संकेतस्थळावरचे दुवे काही महिन्यांत हलतात.

मोजणीला प्रगणक आला की त्याच्या नजरी नकाशात तुमची गल्ली, मागची चाळ, बांधकामावरची वस्ती आली आहे का हे विचारा. भाड्याने राहणारी कुटुंबे आणि गावाकडे पत्ता असलेले कामगार मोजणीतून सुटतात, आणि अंबड-सातपूरच्या कामगार वस्त्यांत असे सुटलेले लोक थोडेथोडके नसतात. सुटलेला माणूस पुढच्या प्रभाग रचनेतही मोजला जात नाही. नव्या गटाचा क्रमांक कळला तर तो जुन्या क्रमांकाशेजारी, तारखेसह लिहून ठेवा.